जाळ्याच्या सुताने शिवलेलं रबर

तलावातले मासे साकोलीच्या बाजारात न्यायला आमच्याकडे जुनी कार आहे. ती भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, चालवतात. त्यांच्यासमोर मी पदर घेते, बोलत नाही. काही सांगायचं असलं तर कोणाला तरी मध्ये घालते.

सडा टाकताना मला अंगणात काळे, चिकट ठिपके दिसू लागले. वाकून पाहिलं तर पुढच्या चाकाच्या आतून ग्रीस उडालं होतं. इंजिनाकडून येऊन चाक फिरवणाऱ्या दांड्याला तिथे सांधा असतो, त्यावर घड्यांचं रबर असतं. ते फाटलं होतं. भासऱ्यांनी ते जाळ्याच्या सुताने शिवलं. गाठी सुबक होत्या, पण टाक्यांमधून तलावाच्या बांधावरचा चिखल आणि रेती आत जात राहिली.

मग गाडी वळताना कट-कट वाजू लागली. सरळ जाताना काही नाही. मुलगी बाळंतपणाला आली होती, तिच्याकरवी मी ते भासऱ्यांना कळवलं. भासरे हसले. "तुझी माय बोलत नाही, चाक बोलते. कोणी तं बोललं पाहिजे ना घरात."

एका दुपारी मुलीला कळा सुरू झाल्या. नवरा तलावावर होता. भासऱ्यांनी गाडी काढली, अंगणात वळवली, तसा सांधा कडकड वाजला. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून कण्हत होती. मध्ये घालायला कोणीच नव्हतं.

"भाऊजी, पोरीले या गाडीत नेऊ नका. रस्त्यात सांधा तुटला तं काय करान?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी बंद केली आणि जीप मागायला शेजारी गेले. ते येईपर्यंत मुलीने माझा हात आवळून धरला होता. जीप मिळाली नाही तर चालती गाडी मीच थांबवली असं होईल, एवढंच मनात येत होतं.

जीप मिळाली. नातू दवाखान्यात झाला.

नंतर मिस्त्रीने सांधा खोलला. ग्रीसमध्ये रेती कालवल्यासारखी होती, आतल्या लोखंडी गोळ्या झिजल्या होत्या. त्याने नवा बसवला.

आज मायलेकरांना आणायचं आहे. सकाळी भासऱ्यांनी अंगणात गाडी डावीकडे पूर्ण वळवली, मग उजवीकडे. काच खाली करून समोर बघत बसले. मला विचारत होते, हे मला कळलं. आवाज नव्हता. तरी मी पुढच्या दुसऱ्या चाकामागे वाकून पाहिलं. रबराच्या घडीत बारीक चीर होती.

मी पदर सावरला आणि खिडकीजवळ गेले.