नळाखालचा खंड्या

ओल्या ड्रॉइंग पेपरचा वास आला की मला नगरमधली आमची खोली आठवते आणि स्वतःची किळस येते. एकाहत्तर साली आम्ही दोघं तिथं चित्रकला शिकत होतो. माझा सोबती कोपरगावकडचा, शेतकऱ्याघरचा. गोदावरीवरचा खंड्या पक्षी तो पुन्हा पुन्हा रंगवायचा. मनासारखा झाला नाही की कागद नळाखाली धरून रंग धुवायचा आणि वाळवून त्याच कागदावर परत बसायचा. "पक्षी काढतोस की धुणं धुतोस?" मी हिणवायचो. मी स्वतः कॅलेंडरवरून पोपट उतरवत होतो. प्रदर्शनाला वर्गातून एकच चित्र जाणार होतं, आणि ते निवडायच्या दिवशीच सकाळी त्याला खंड्या साधला. पाण्यात सूर मारण्याआधीची मान अगदी जिवंत उतरली होती. "तू म्हनशील तर ठेवतो, न्हाईतर धुतो," तो म्हणाला. "भिजलेली कोंबडी वाटते," मी सांगितलं. त्यानं नळ सोडला. निळा रंग मोरीत वाहून गेला आणि या खेपेला कागदही फाटला. माझा मेलेला पोपट प्रदर्शनाला गेला. "बरं झालं, तू खरं बोललास. दुसरं कोनी तोंडावर सांगत न्हाई," तो मला म्हणाला. आता मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांनी काहीही दाखवलं तरी 'छान' म्हणतो, आणि लोक त्याला माझा चांगुलपणा समजतात.