सेनापतीची मिशी

आमच्या इस्लामपूरकडच्या गावात जत्रेला दरवर्षी एकच नाटक व्हायचं. गावातल्याच एका मास्तरांनी कधीकाळी लिहिलेलं. राजा, सेनापती, दगाबाज प्रधान आणि चालून आलेला शत्रू. दुसरं बसवू म्हटलं की लोक रुसायचे. सगळ्या गावाला ते पाठ. नट अडखळला की पुढचं वाक्य समोरून यायचं. आणि सगळे टपून असायचे सेनापतीच्या शपथेवर. मिशीला पीळ देत तो गरजायचा, "शत्रूला पिटाळलं नाही, तर ही मिशी उतरवीन!" मग काय, शिट्ट्याच शिट्ट्या.

सेनापती म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचं पाठांतर मीच घ्यायचे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, वाचायला शिकले ती या नाटकावरच. प्रयोगाला मी विंगेत उभी राहून वाक्यं सांगायचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दिरांना फलटणकडं साखर कारखान्यात नोकरी लागली आणि ऐन गाळपात रजा मिळेना. तालमीत सगळे डोकं धरून बसले. मी म्हटलं, "मी करते की!"

राजा व्हायचे आमचे मालक. ते म्हणाले, "आन् मिशी?"

"मिशी कशाला? बाईच सेनापती. कासोटा घालून येते." डिंकानं चिकटवलेली मिशी मला नकोच होती. बाई म्हणूनच उभं राहायचं होतं, एवढा एकच हट्ट बघा.

झालं! चहाच्या टपरीवर दोन तट पडले.

"बाई सेनापती? मग उद्या राणीला दाढी लावा!"

"का वो, बायका लढल्या न्हाईत व्हय?"

"लढल्या आसतील. ह्या नाटकात न्हाई लढल्या!"

सगळ्यांत तापले ते गावातले म्हातारे आबा. नाटकाचा त्यांच्याएवढा वेडा माणूस गावात नाही. पहिल्या रांगेत मधोमध त्यांची जागा, आणि मिशी अशी, की दोन्ही बाजूंना चिमण्या बसाव्यात. मला वाटेत गाठून म्हणाले, "सूनबाई, मिशी न्हाई तर शपथ कशाची घेणार? आन् शपथ न्हाई तर नाटक कशाचं?"

मग मी दुसरी शपथ शोधायला लागले. तालमीत 'वेणी कापीन' म्हणून पाहिलं. सगळे पुन्हा डोकं धरून बसले. 'बांगड्या फोडीन' म्हटलं, तर मालक ओरडले, "आगं, मी हितं जित्ता उभा हाय!" ते एक वाक्य पडलं, तर पुन्हा कुठल्या बाईला त्या स्टेजवर कुणी चढू देणार नाही, हे मला कळत होतं.

जत्रेचा दिवस आला. गर्दी नेहमीपेक्षा जास्त; निम्मे भांडायलाच आलेले. तलवार घेऊन उभी राहिले, तेव्हा कुजबुज झाली, पण पहिले दोन प्रवेश निभावले. मग आली शपथ. "शत्रूला पिटाळलं नाही, तर..." म्हणाले आणि दिरांचं बघून बघून लागलेल्या सवयीनं हात ओठावर गेला. तिथं काय असणार? समोर आबा, हाताची घडी घालून, मिशी ताठ.

आणि माझी तलवार आपसूक त्यांच्याकडं वळली. "तर... ह्या आबांची मिशी उतरवीन!"

मंडप नुसता उसळला. आबांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली आणि ते उठून ओरडले, "आगं मग जिंक गं बाई! जिंक!" पुढची सगळी लढाई ते उभ्यानंच बघत होते. "मागं बघ! प्रधान आलाय मागनं!" शत्रू पळाला, तेव्हा त्यांनी फेटाच उडवला.

पुढच्या वर्षी दिरांना रजा मिळाली. मी आनंदानं तलवार दिली आणि विंगेत जाऊन उभी राहिले. दिरांनी स्वतःच्या मिशीला पीळ देऊन जुनी शपथ झोकात घेतली. एक शिट्टी नाही! आबा ताडकन उठले.

"आरं, चुकलास! सेनापती सोताची मिशी कवा लावतो रं पणाला? मिशी माझी आसती! मूळ नाटकातच हाय तसं!"

"व्हय व्हय, तसंच हाय!" मागून गाव ओरडलं.

दीर भांबावून विंगेकडं बघायला लागले. वाक्य सांगायचं काम माझंच ना! मी हसू दाबत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आबांची, भावजी, आबांची!"