दादाचं इंद्रियदमन

तार आली तेव्हा मी राहुरीच्या शाळेत सातवीच्या वर्गात फळ्यावर नकाशा काढत होतो. शिपाई दारात येऊन काहीतरी बोलला, पण तो उभा होता माझ्या डाव्या अंगाला, आणि माझा डावा कान गेलेला. मुलं एकदम गप्प झाली म्हणून मी वळलो. माझा थोरला भाऊ, मिरजगावचा दाविद गवंडी, काविळीनं गेला होता. आठच दिवसांपूर्वी मी त्याच्या उशाशी बसून आलो होतो... आज त्याला जाऊन पाच आठवडे झाले. दादाबद्दल चांगलं लिहिण्यात मला काहीच अडचण नाही. पंचाईत आहे ती माझी, कारण त्याच्याबद्दल खरं लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागेल.

आमच्या घरात राग वडिलोपार्जित. आमचे वडील चिडले की गोठ्यातली जनावरंसुद्धा उठून उभी राहत. वाटण्या झाल्या त्या अशा, की दादाला वडिलांचा हात मिळाला आणि मला आईची जीभ. सत्तर सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी चर्चच्या ओट्यावर भजनांचा सराव चालला होता. दादा पेटीवर बसलेला. गवंड्याची बोटं ती, एका वेळी दोन-दोन पट्ट्यांवर पडायची. मी म्हणालो, "दादा, पेटी हाय ती, वीट न्हवं." मंडळी हसली. दादा खाली बघून म्हणाला, "पुरे, प्रभाकर." मला हसणारी माणसं मिळाली होती, मी कसला थांबतोय! "जरा गिलावा कमी लाव सुरांवर," म्हणालो. त्याचा हात उठलेला मला दिसलाच नाही. मी ओट्यावरून खाली पडलो होतो आणि डोक्यात नुसती शिट्टी वाजत होती. नगरच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून सांगितलं, पडदा फाटलाय, पुन्हा ऐकू येणं कठीण. मी बाहेर आलो तर दादा बाकावर बसला होता, उजवा हात मांडीखाली घट्ट दाबून. रडत होता. मी त्याच्याकडे न बघता पुढं झालो आणि मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं.

त्यानंतर चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला एक शब्द दिला, इंद्रियदमन. बायबलात आत्म्याची फळं सांगितली आहेत त्यांतलं शेवटचं फळ. दादा तिसरीपर्यंत शिकलेला. त्याला तो शब्द नीट म्हणता येईना, तो ‘इंदरदमन’ म्हणायचा. मी सुटीत गावी गेलो की विचारायचो, "काय दादा, इंद्राला दम दिला का न्हाई आज?" राग आला की दादा आहे तिथं खाली बसायचा, उजवा हात मांडीखाली घालायचा, डोळे मिटायचा आणि प्रभूची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात म्हणायचा. आमेन झाल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही. बांधकामावर, बाजारात, कुठंही. लोक हसायचे. वहिनींनी एकदा विचारलं, मार्थावहिनींनी, की एवढ्यानं राग जातो का. तो म्हणाला, "जात न्हाई. मी देवाला म्हन्तो, ह्यो हात तू धर, मला धरवत न्हाई. मग त्यो धरतो."

दुसरंही एक त्यानं लावून घेतलं. आमच्या मंडळीत रीत आहे, की भावाशी तेढ असेल तर चर्चमध्ये वाटतात त्या प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा नाही, आधी मिटवून यायचं. सुटीला आलो की मीही तिथंच, सतरंजीवर त्याच्या शेजारी बसलेला असायचो. भाकरीचं ताट ओळीतून सरकत यायचं, दादा ते दोन्ही हातांनी घ्यायचा आणि तसंच पुढं माझ्याकडे द्यायचा. मी तुकडा घ्यायचो! रीत मलाही तेवढीच लागू होती, पण मार खाल्लेल्या माणसाला सगळं माफ असतं अशी माझी समजूत. पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, माफ केलं, एवढा शब्द बोलून टाका. मी म्हणालो, "मी कुठं अडवलंय? घ्यावं की त्यानं." दादाच्या कानावर ते गेलं. "त्यानं मनातून म्हटल्याबिगर न्हाई," एवढंच म्हणाला. त्याची भाकर माझ्या मुठीत होती आणि मला मूठ उघडायची नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बांधकामं बंद पडली, गवंडी आणि बागायतदार एकाच रांगेत खडी फोडायला बसले. पुढच्या उन्हाळ्यात मी सुटीला गेलो तेव्हा दादा एका गँगचा मुकादम होता. गावातली टवाळ माणसं त्यालाच म्हणायची, "दाविदराव, तुमच्या दमनानं इंदर पळाला बगा." हा माझाच विनोद फिरत फिरत तिथवर पोचला होता. एक दिवस भर दुपारी पाण्याचा टँकर आला. वहिनींचा हंडा रांगेत पुढं होता. टँकरवर पाणी वाटायला एक माणूस असायचा, त्यानं हंडा पाहिला, वहिनींना पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या लोकांचा शेवटी. देव बदलला म्हून जात बदलती व्हय?" वहिनी हलल्या नाहीत. त्यानं लाथेनं हंडा उडवला. तळाशी होतं तेवढं पाणी धुळीत गेलं.

हातोड्यांचे आवाज बंद पडले. दोन-अडीचशे माणसं, आणि सगळी दादाकडे बघतायत. त्याच्या हातात खडी फोडायचा हातोडा होता. त्याच्या मानेची शीर मला ओळखीची होती, ओट्यावर तीच पाहिली होती. तो चालत टँकरपर्यंत गेला. मी एक दगड उचलला आणि त्याच्यामागं गेलो, मनात एकच, मार त्याला, मार... तो माणूस मागं सरकला. दादानं हातोडा जमिनीवर ठेवला. टँकरच्या पुढच्या चाकासमोर मांडी घातली आणि उजवा हात खाली घेतला. खांदा थडथड उडत होता. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. मी उन्हात उभा राहून त्याच्याबरोबर प्रार्थनेच्या ओळी मोजत होतो, आता आजची भाकर, आता अपराधांची क्षमा... तिथं तो अडकला. ओठ थांबले. मला वाटलं, उठतोय. पण पुन्हा हलले.

डोळे उघडून तो आधी मला म्हणाला, "दगड टाक." मग त्या माणसाला, अगदी शांतपणे, "भाऊ, हंडा उचला. तुमच्या हातानं भरा. मग गाडी जाईल."

"न्हाई भरला तर?"

"मग मी बसलोय की."

थोड्या वेळानं गँगमधली एक म्हातारी आली, आपली घागर उपडी घालून त्याच्या शेजारी बसली. मग दुसरी बाई. मग ओळच्या ओळ. ज्यांच्या हंड्याला कुणी कधी बोललं नव्हतं तीही माणसं उठून आली. त्या माणसानं हंडा भरला आणि वहिनींच्या हातात दिला.

त्या दिवशी मला दादाचा अभिमान वाटला, आणि त्याच अभिमानानं मला जाळलं. घरी आल्यावर मी म्हणालो, "परक्या माणसासाठी आवरतं तुला. माझ्या येळंला कुठं गेल्तं तुझं दमन?" तो वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आला. माझ्याशी बोलायचं असलं की तो नेहमी तसा यायचा. म्हणाला, "तवा न्हवतं रं माझ्याकडं. तुझ्या कानापासून शिकलो." कुठलाही माणूस इथं विरघळला असता. मी कोरड्या तोंडानं म्हणालो, "म्हंजी तुझी शाळा झाली, फी माझी गेली." दादा जिथं होता तिथंच खाली बसला. हात मांडीखाली गेला... माझ्यामुळं.

शेवटच्या भेटीत तो खाटेवर होता, अंगावर हळदीसारखा रंग चढलेला. खाट भिंतीला लागून, स्टूल एकच, त्यामुळं मी बसलो तो माझा डावा कान त्याच्याकडे. त्याला आता वळसा घालून येता येत नव्हतं आणि मलाही स्टूल फिरवायचं सुचलं नाही. परतीची एसटी चुकेल म्हणून मी घड्याळ बघत होतो. त्याचे ओठ हलले. बहिऱ्या माणसाला एक खोड असते, ऐकू आलं नाही की तो मान हलवून हो म्हणतो, पुन्हा विचारण्याची लाज वाटते म्हणून. मला वाटलं, एसटी मिळेल का विचारतोय. मी म्हणालो, "व्हय, व्हय." तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले आणि मी निघालो.

मातीच्या तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. म्हणाल्या, "भावजी, लई मोठं काम केलंत. तुमी गेल्यावर मला म्हन्ले, पाळकसायबांना बोलीव. मी प्रभाकरला इचारलं, मनातून गेलं का रं? त्यो दोनदा व्हय म्हनला. मग भाकर घेतली त्यांनी. उजव्या हातानं घेतली. हात कापत हुता, पर कुनाला धरू दिला न्हाई."

मला ऐकू आलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते मला ठाऊक आहे. म्हणालो असतो, आधी बरा हो, मग बघू. साडेतीन वर्षं जे मी अडवून धरलं ते त्याला मिळालं, आणि मिळालं ते त्यानंच फोडलेल्या कानामुळं. देवाची ही कसली रीत, मला कळत नाही. वहिनींना खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा इतका निवांत होता... त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "च्या टाकू का भावजी? सकाळपून काय घेतलं न्हाई तुमी."

मी म्हणालो, "व्हय." आणि मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "व्हय, दादा."

वहिनींना पहिलं तेवढं ऐकू आलं असावं. त्या उठल्या आणि चुलीकडे गेल्या.