खालचा राउटर

माझे धाकटे मामा घड्याळं दुरुस्त करतात. संध्याकाळी मित्रांना आपापल्या घरून खेळता यावं म्हणून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर रणगाड्यांचा गेम चालवायला घेतला, पण मित्रांना आत शिरताच येईना. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना आत यायचं दार, उघडून झाला, इंटरनेटवाल्यांशी फोनवर भांडून झालं. शेवटी मला बोलावलं, कारण भाची याच कामाचा पगार घेते.

मी राउटरची वायर धरून निघाले, तर ती जिना उतरून थोरल्या मामांच्या खोलीत गेली. मुख्य राउटर तिथे होता. वरचं दार उघडं, खालचं बंद.

"थोरल्यांना सांगा, त्यांच्याकडेही पोर्ट उघडावा लागेल," मी म्हणाले.

मामांचं तोंड कडू झालं. पाण्याच्या टाकीवरून दोघा भावांचा अबोला होता. तरी ते गेले. थोरल्यांनी मुकाट्याने पासवर्ड दिला आणि गेम सुरू झाला.

पण लाईट जाऊन आली की खालचा राउटर वरच्याला नवा पत्ता देतो आणि उघडलेला पोर्ट जुन्याच पत्त्याकडे बघत बसतो. मग गेम बंद आणि मामा पुन्हा खाली.

परवा मी गेले, तेव्हा दोघं खाली चहा पीत होते. पोर्टचं काम केव्हाच उरकलं होतं.

"वरच्या राउटरला कायमचा पत्ता लावून देते," मी वैतागून म्हणाले. "सारखं खाली यायला नको."

धाकट्या मामांनी आणखी अर्धा कप चहा ओतून घेतला. थोरले म्हणाले, "तू नको यात पडूस. आमचं आम्ही बघतो."