उपग्रहाचं पांघरूण

माझ्या सासूबाई उपग्रहांना पांघरुणं शिवतात. पूर्वी त्या तंबूच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होत्या. हात इतका सुबक, की उपग्रहांच्या कार्यशाळेत शिवणारं माणूस हवं होतं तेव्हा त्यांचीच वर्णी लागली. कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ, चकचकीत वीस थर एकावर एक ठेवून शिवायचे, म्हणजे वरच्या उन्हाथंडीत यंत्र सुखरूप राहतं.

त्या वर्षीचं यंत्र ध्रुवावरची हवा तपासणार होतं. हिवाळ्यात तिथे महिनोन्‌महिने अंधार, आणि हवा मोजायला सोडलेले फुगेही फार उंचावर फुटतात. म्हणून हे यंत्र उपग्रहावरून तिरकं बघून हवेतून येणारी उष्णता टिपणार आणि थराथराचं तापमान सांगणार होतं.

शेवटच्या तपासणीला सगळे सह्या करायला जमले. यंत्र ज्या खिडकीतून बघणार होतं, तिच्यापाशी सासूबाई वाकल्या.

"साहेब, इथे हवेला वाट कमी पडतेय. रॉकेट वर जाताना थरांत अडकलेली हवा फुगणार आणि पांघरुणाची ही कड उचकटून खिडकीवर येणार."

"बाई, आकडेमोड दोनदा झालीय," मुख्य अभियंता म्हणाले.

"आकडेमोड तुमची, शिवण माझी. मी सही करणार नाही."

शेवटी साहेबांनी वैतागून पांघरूण यंत्रासकट चाचणीच्या टाकीत ठेवायला लावलं आणि आतली हवा भराभर खेचून घेतली. कड उठली. अर्धी खिडकी झाकली गेली!

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "किती दिवस लागतील?"

"आठ."

सहाव्या दिवशी नवं पांघरूण तयार होतं. छिद्रं जास्त, कड दुहेरी टाक्यांची. टाकीत ते जागचं हललं नाही.

उपग्रह वर गेला. पुढच्या हिवाळ्यात यंत्राचे आकडे तपासणाऱ्या एक संशोधक बाई आलेख घेऊन थेट शिवणखोलीत आल्या. ध्रुवावर तीस किलोमीटर उंचीवरची हवा आठवड्याभरात चाळीस अंशांनी तापली होती, आणि यंत्राने ते रोजच्या रोज टिपलं होतं.

"आणि त्याच्या खूप वर?" सासूबाईंनी विचारलं.

"तिथे उलट गार पडली. बरोबर विचारलंत!"

त्या दिवशी जेवताना त्यांनी हे सासऱ्यांना तीनदा समजावलं. सासरे म्हणाले, "म्हणजे पाय पांघरुणात आणि डोकं उघडं, असंच ना?" सासूबाई हसल्या, पण मान ताठ होती. माझीही.

आता नवा आराखडा आधी शिवणखोलीत येतो. परवा एकावर त्यांनी तीन शंका काढल्या. त्यातली एक चुकीची निघाली, तेही त्यांनीच घरी येऊन सांगितलं.