शंभरपर्यंत

माझ्या बाबांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत आलं की बाबांना पोट आत घ्यावं लागे. झडतीचा हुकूम घेऊन निघालेले पोलीस बंद दार उघडायला त्यांनाच बोलवत. बाबा आधी हुकुमावरचा पत्ता दारावरच्या पाटीशी ताडून बघत. मग दार वाजवून, "पोलीस आलेत, दार उघडा," असं हवालदाराला ओरडायला लावत आणि शंभरपर्यंत मोजत. मोठ्यानं, सावकाश. हत्यारांची पिशवी त्यानंतर उघडायची. चौकीत त्यांचं नावच 'शंभर' पडलं होतं.

साहेब वैतागायचे. "अहो, तुमचे शंभर होईपर्यंत आतला चोर म्हातारा होईल!"

"मग पकडायला सोपा जाईल की, साहेब."

हे खूळ कुठून आलं ते आईनं सांगितलं. नवेपणी "चल, उघड" म्हटल्याबरोबर बाबांनी चुटकीसरशी कुलूप काढलं होतं. आत एक आजोबा जमिनीवरून सरपटत दाराकडे येत होते. कवळी हातात, आणि "आलो, आलो" चाललेलं. हवा होता तो भाडेकरू केव्हाच घर सोडून गेला होता. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

पुढे नवे साहेब आले. "दहापर्यंत मोजायचं, नाहीतर यायचं नाही," म्हणाले. बाबा गेले नाहीत. दारं लाथेनं उघडू लागली आणि बाबा तीच दुरुस्त करत बसले. तेव्हा त्यांचा हट्ट माझ्या डोक्यात जायचा. आता त्याच हट्टासाठी जीव तुटतो.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षी, एका दुपारी मी भाजी घेऊन परतले तर आमच्याच दारात पोलीस. कुणा भामट्यानं स्वतःचा म्हणून आमचा पत्ता दिलेला. एकाच्या हातात लोखंडी पहार होती. आत बाबा एकटे, गुडघे पार गेलेले. मी पिशवी टाकून जिने चढू लागले, तोच वरून आवाज आला.

"एक्क्याऐंशी... ब्याऐंशी..."

पहारवाल्याला हातानं थोपवून एक फौजदारबाई मोजत होत्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आमच्या जुन्या हवालदारांनी शिकवलंय. शंभरच का, ते त्यांनाही माहीत नव्हतं." आणि पुढे मोजू लागल्या.

शहाण्णवला कडी निघाली. बाबा चौकटीला धरून उभे होते, कवळी हातात.

"आलो, आलो," ते म्हणाले. मग फौजदारबाईंकडे बघून, "जरा भरभर मोजलंत हो, बाई."