मुरमातलं पाणी

जमिनीत पाणी किती जिरतं हे तपासणं हा माझा धंदा. मातीत काम सोपं. भोकात पाइप उतरवा, काठोकाठ पाणी भरा आणि ते किती उतरतं ते बघत बसा. खडकात मात्र पाणी दाबून घालावं लागतं. भोकात रबराचा बोळा फुगवून बसवायचा, त्याच्याखाली पंपानं पाणी रेटायचं आणि खडक किती पितो ते मीटरवर वाचायचं. भानगड होते ती मुरमात. तो धड माती नाही, धड दगड नाही.

भोकरजवळच्या एका गावात, साठवण तलावाच्या जागेवर, अशीच भानगड झाली होती. आधीच्या तुकडीनं मुरमातही रबर फुगवून पाणी रेटलं आणि मीटर गरागरा फिरला. जागा गळकी आहे, तिथं पाझर तलाव करा, असं नांदेडच्या साहेबांनी ठरवून टाकलं. सरपंचबाई माझ्यावरच खवळल्या.

"पाझर तलावाचं पानी खालच्या विहिरींत जातंय म्याडम. आमच्या नळाला काय येनार? उन्हाळाभर पुन्हा टँकरच की!"

मी तीच चाचणी पुन्हा लावली आणि मीटर सोडून भोकाच्या तोंडाकडे बघत राहिले. थोड्या वेळानं पाइपाभोवती ओल दिसू लागली. भुसभुशीत मुरमात रबर घट्ट बसतच नव्हतं; पाणी त्याला वळसा घालून वर येत होतं. मला आनंद झाला आणि संतापही आला. मुरमात मातीची चाचणी करते, असं मी साहेबांना फोनवर सांगितलं.

"तुम्हाला त्या गावाचा एवढा पुळका का?" साहेब म्हणाले. "इथं कुठंतरी पाणी मुरतंय."

माझं डोकंच फिरलं. पण मी फोन ठेवला आणि कामाला लागले. रबर खाली, पक्क्या काळ्या दगडात बसवलं; दगडानं जेमतेम घोटभर पाणी घेतलं. मग मुरमात पाइप बसवला. कोरडा मुरूम पहिलं पाणी अधाशासारखं ओढतो, म्हणून आधी तो पोटभर भिजू दिला. मग पाइप काठोकाठ भरला. सरपंचबाई उन्हात माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. बराच वेळ मी पाण्याची पातळी टिपत राहिले. शेवटी त्यांनी वाकून पाइपात बघितलं.

"जिथल्या तिथं हाय की म्याडम!"

मी तिथूनच फोन लावला.

"साहेब, तुमचं चुकलं. इथं पाणी मुरत नाही."